आठवडी बाजारात मासोळी विकायला बसताय? तपासणीत काय पाहतात आणि तयारी कशी करायची

विदर्भात समुद्र नाही, पण मासोळीचा धंदा लहान नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे माजी मालगुजारी तलाव आहेत, बोड्या म्हणजे लहान तळी आहेत, गोसेखुर्द आणि इटियाडोहचं पाणी आहे. पश्चिमेकडे अप्पर वर्धा, इसापूर यांसारखी धरणं. त्यात आंध्रातून बर्फात भरून येणारा रोहू-कतला, आणि किनाऱ्याकडून येणारी सुकट, बोंबील. म्हणजे एकाच बाजाराच्या ओळीत तलावाचा ताजा, ट्रकचा बर्फातला आणि पोत्यातला सुका असा तीन तऱ्हेचा माल बसतो. तिन्हींत बिघाड वेगळा होतो आणि तपासताना नजरही वेगळ्या जागी जाते.

अन्न व औषध प्रशासनाची गाडी बाजारात आली की ओळीत एकच शब्द फिरतो, ‘फॉर्मालिन’, म्हणजे मासोळी सडू नये म्हणून मारलं जाणारं रसायन. त्याची तपासणी होते, पुढे ती सांगितली आहेच. पण आपल्याकडे मासोळी खराब होते ती मुख्यतः उन्हाने, अपुऱ्या बर्फाने आणि वाईट पाण्याने. नव्या विक्रेत्याची अडचणही बहुतेक इथेच होते, म्हणून या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी कागद

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहेत. या कायद्याच्या कलम १८(३) प्रमाणे स्वतः जाळं टाकून मासोळी काढणाऱ्या मासेमाराच्या कामाला हा कायदा लागत नाही. पण तीच मासोळी दुसऱ्याकडून विकत घेऊन बाजारात मांडली की तुम्ही अन्न व्यावसायिक झालात. ‘आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा आहे’ हे खरं असलं तरी नोंदणीतून सूट मिळत नाही.

२०११ च्या मूळ नियमावलीत वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर फक्त नोंदणी आणि त्याहून जास्त असेल तर राज्याचा परवाना, अशी विभागणी होती. अर्ज करण्याआधी चालू मर्यादा आणि शुल्क नोंदणी-परवान्याच्या सरकारी फॉस्कॉस पोर्टलवर एकदा पाहून घ्या. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. बारा लाखांना बावन्न आठवड्यांनी भागलं तर आठवड्याला साधारण २३ हजार येतात. दोनशे रुपये किलोचा भाव धरला तर ही ११५ किलो मासोळी झाली. त्या मर्यादेत आठवड्याला एकच बाजार करणारा आत राहायचा, पण तीन-चार गावचे बाजार धरणारा नकळत वर जायचा आणि छोट्या नोंदणीवर मोठा धंदा करताना सापडायचा.

नोंदणीसाठी फॉर्म ‘अ’ भरायचा असतो. सोबत फोटो आणि ओळखपत्र लागतं. मूळ नियमावलीप्रमाणे शुल्क वर्षाला १०० रुपये होतं, आणि नोंदणी एक ते पाच वर्षांसाठी काढता येत होती. सेतू केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून घेणार असाल तर दोन गोष्टी जातीने पाहा. एक, व्यवसायाच्या प्रकारात मासे विक्री लिहिलंय का. किराणा किंवा चहाटपरीची जुनी नोंदणी दाखवून मासोळी विकता येत नाही. दोन, मोबाईल नंबर तुमचाच आहे का. फॉर्म भरणाऱ्याने स्वतःचा नंबर टाकला की नोंदणीबद्दलचे संदेश त्याच्याकडे जातात आणि तुम्हाला काही कळत नाही. चौदा आकडी नंबर असलेलं प्रमाणपत्र लॅमिनेट करून सोबत ठेवा आणि मांडणीवर दिसेल असं टांगा.

दुसरा कागद खरेदीचा. ठोक व्यापाऱ्याकडून घेतलं तर बिल, मच्छीमार संस्थेकडून घेतलं तर संस्थेची पावती. व्यापाऱ्याच्या बिलावर त्याचा अन्न परवाना नंबर छापलेला असायला हवा. नमुना नापास झाला तर पहिला प्रश्न असतो, माल कुणाचा? बिल नसेल तर उत्तरही नाही, आणि सगळं तुमच्याच अंगावर येतं. व्यापारी कच्ची चिठ्ठी देत असेल तर तिच्यावर निदान तारीख, वजन, जात आणि त्याची सही घ्या. ती बिलाची जागा घेत नाही, पण अगदी रिकाम्या हातापेक्षा बरी.

तिसरा कागद आरोग्याचा. मासोळी हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी करून दाखला ठेवायचा. कापायला भाचा बसत असेल तर त्याचाही.

माल उचलताना

ठोक बाजारात पहाटे बल्बच्या उजेडात आणि लाल-निळ्या ताडपत्रीखाली खरेदी होते. लाल ताडपत्रीतून आलेल्या उजेडात चार दिवसांचे कल्लेही लालबुंद दिसतात. म्हणून मोबाईलचा पांढरा टॉर्च लावूनच पाहा. तपासायला आलेला अधिकारीही तेच करतो.

क्रम असा ठेवा. आधी कल्ल्याचं झाकण उचला. ताज्या रोहू-कतल्याचे कल्ले लाल असतात, त्यांवर पातळ स्वच्छ बुळबुळ असते आणि वास पाण्या-शेवाळाचा येतो. तपकिरी किंवा राखाडी कल्ले, चिकट तार सुटणारी बुळबुळ, आंबूस वास दिसला की ती पेटी सोडा. कल्ल्यांवर पांढरा कागदी रुमाल दाबून पाहा. रक्ताचा डाग तपकिरीकडे झुकतो, रंग लावला असेल तर डाग भडक आणि सारखा उमटतो. याने गुन्हा सिद्ध होत नाही, पण माल नाकारायला एवढं पुरे.

मग डोळे बघा. फुगीर, काळी बाहुली स्वच्छ असलेले चांगले. खोल गेलेले, दुधाळ झालेले नकोत. पाठीच्या जाड भागावर अंगठ्याने दाबा, खड्डा लगेच भरला पाहिजे. शेवटी पोट. आधी बिघडतं ते पोटच, कारण आतड्यातला रस पोटाची भिंत पोखरतो. उन्हाळ्यात पोट मऊ पडलेली किंवा फाटलेली मासोळी बाकी कितीही चकचकीत असली तरी दुपारपर्यंत टिकणार नाही.

एखादी मासोळी लाकडासारखी ताठ, वास जवळजवळ नाही, पण डोळे मात्र आत गेलेले असतील तर संशय घ्या. जुनेपणाच्या खुणा आहेत आणि वास नाही, ही जोडी औषध मारल्याकडे बोट दाखवते. ‘माशा बसत नाहीत म्हणजे फॉर्मालिन’ हे मात्र अर्धवट आहे. बर्फावरच्या गार मासोळीवरही माशा कमीच बसतात.

जातीबद्दल दोन गोष्टी. रूपचंद हा गोड्या पाण्याचा मासा ‘पापलेट’ म्हणून विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि तपासणीत ती तशीच धरली जाते. रूपचंद म्हणूनच विका, घेणारे घेतात. दुसरी, थाई मांगूर. देशात त्यावर २००० सालापासून बंदी आहे, कारण तो स्थानिक मासोळी खाऊन संपवतो. देशी मांगूर सहसा अर्ध्या किलोच्या आतच भरतो. टबात दीड-दोन किलोचे जिवंत मांगूर कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका, सापडला तर सगळा माल नष्ट होतो.

नाल्या-डोहातून आलेली मिश्र बारकी मासोळी घेताना विचारपूस जास्त करा. उन्हाळ्यात पाणी आटलं की विषारी औषध टाकून मासोळी मारणारे असतात, आणि पहिल्या पावसात कपाशीच्या वावरातलं फवारणीचं पाणीही नाल्यात उतरतं. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात विष टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणं गुन्हा ठरवलंय. असं औषध पकडायला बाजारात कुठलीही पट्टी नाही, प्रयोगशाळाच लागते. तेव्हा कोणी, कुठे, कशाने धरली याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर तो माल नकोच.

बर्फ: इथे काटकसर करू नका

आंध्रातला माल ठोक बाजारात पहाटे उतरतो आणि गावच्या बाजारात दुपारी तीन-चारला विकला जातो. मधले आठ-दहा तास तुमच्या जबाबदारीचे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना हेच तास माल राखतात किंवा मारतात.

हिशेब करून पाहू. १० किलो मासोळी ३० अंशांवरून शून्यावर आणायलाच साधारण सव्वातीन किलो बर्फ वितळतो. ही फक्त थंड करण्याची किंमत. नंतर ती थंड ठेवायला वेगळा बर्फ लागतो. ५० लिटरच्या, इंचभर जाडीच्या थर्माकोलच्या पेटीत, झाकण बंद ठेवून सावलीतही, तासाला अर्धा किलोच्या आसपास बर्फ जातो. आठ तासांचे चार-साडेचार किलो झाले. झाकण दर गिऱ्हाइकाला उघडणार, त्याची घट वेगळी. म्हणून उन्हाळ्यात एक किलो मासोळीला एक किलो बर्फ हे प्रमाण धरा. हिवाळ्यात तलावाचा ताजा माल दोन-तीन तासांत विकायचा असेल तर अर्ध्यावर भागतं.

भरायची रीत:

१. पेटी धुऊन तळाला दोन इंच फोडलेला बर्फ घाला. लादीचे मोठे तुकडे नकोत. त्यांच्यात पोकळी राहते, मासोळीला गारवा लागत नाही आणि टोकांनी सालही फाटते.

२. मासोळीचा एक थर, त्यावर बर्फ, पुन्हा मासोळी. पोट साफ केलेली असेल तर पोटातही बर्फ भरा.

३. वर पुन्हा दोन इंच बर्फ. झाकणाला चिकटपट्टी किंवा दोरी.

४. तळाच्या कोपऱ्यात बोटभर भोक हवं. वितळलेलं पाणी रक्त आणि बुळबुळ घेऊन खाली जातं. ते साचलं की खालचा थर त्याच घाणीत भिजतो आणि वरचा चांगला दिसत असताना खालचा वास मारतो. गाडीत नेताना भोकाखाली डबा ठेवा.

अधिकारी पेटीत हात घालतो तो खालच्या थरातच. काही जण टोकदार थर्मामीटर लावतात, डोक्यामागे पाठीच्या जाड मांसात, काट्याला न टेकवता. तिथे ५ अंशांच्या आत तापमान दिसायला हवं, ० ते ४ उत्तम. असा डिजिटल थर्मामीटर तुम्हीही घ्या. काही शे रुपयांत मिळतो. महिन्यातून एकदा पेल्यात फोडलेला बर्फ आणि थोडं पाणी घेऊन त्यात दोन मिनिटं बुडवा. शून्याच्या आसपास आकडा आला तर ठीक, तीन-चार अंशांचा फरक असेल तर बदला.

बर्फ कशाचा, हा दुसरा प्रश्न. खाण्याच्या वस्तूला लागणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळायचा नियम आहे, म्हणजे तो वेगळा ओळखू यावा. मासोळीच्या पेटीत निळसर बर्फ दिसला की अधिकाऱ्याला पुढे काही शोधावं लागत नाही. ‘खाली फक्त गारव्याला ठेवलाय’ हे चालत नाही, पाणी मासोळीपर्यंत पोचतंच. बर्फ कारखान्याची पावती मालाच्या बिलासोबत टाचून ठेवा.

आणि पांढरा, स्वच्छ बर्फ आणून तो बारदान्यात गुंडाळून जमिनीवर आपटून फोडायचा, ही सवय सगळीकडे आहे. कोंड्यात ठेवलेली लादी तशीच फोडली तर कोंडा, माती, बारदान्याचे धागे, सगळं मासोळीवर. लादी आधी पाण्याने धुवा, स्वच्छ क्रेटमध्ये किंवा जाड प्लास्टिकच्या पोत्यात घालून लाकडी मोगरीने फोडा.

बांगडा, सुरमई यांसारखी समुद्राची मासोळी आणत असाल तर एक जादा खबरदारी. या जाती गरम राहिल्या की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, आणि खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी, उलटी असा त्रास होतो. मासोळी दिसायला-वासाला ठीक असतानाही हे होऊ शकतं. वाटेत बर्फ संपून गरम राहिलेला बांगडा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. रोहू-कतल्यात ही भानगड नाही.

मांडणी, पाणी, पावशी

जमिनीवर ताडपत्री टाकून मासोळी मांडणं ही तपासणीतली सर्वांत जास्त लिहिली जाणारी त्रुटी. ग्रामपंचायतीने ओटे बांधले नसतील तर दोन-अडीच फूट उंचीचा लोखंडी स्टँड आणि त्यावर स्टीलचा किंवा गुळगुळीत पत्रा, एका बाजूला थोडा उतार, खाली बादली. एवढ्याने कुत्रं, धूळ आणि पायातली माती तिन्ही दूर राहतात. डोक्यावर पांढरी किंवा हिरवी जाळी, निळी-लाल ताडपत्री नको. पत्र्यावर सगळा माल एकदम मांडू नका. अर्ध्या तासात विकेल तेवढाच बाहेर, बर्फाच्या थरावर. बाकी पेटीत.

पाणी विहिरीचं असो की नळाचं, वीस किलो मासोळी कापून द्यायची तर ४०-५० लिटर सोबत हवं. दोन वेगळी भांडी ठेवा, एक धुण्याचं, दुसरं शेवटच्या खळबळण्याचं. नाल्याचं पाणी अजिबात नाही. पाणी ग्रामपंचायतीच्या योजनेचं असेल तर जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची पेटी असते. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की क्लोरिन असल्यास पिवळी छटा येते, ती रंगपट्टीशी जुळवायची. किमान ०.२ चा आकडा दिसायला हवा. बाजाराच्या दिवशी सकाळी त्याच्याकडून एवढं करून घेतलं आणि वहीत सही घेतली तर पाण्याचा प्रश्न मिटतो.

पत्रा, पावशी (मासोळी कापायची विळी), ओंडका आणि क्रेट निर्जंतुक करायला ब्लीचिंग पावडर. १० लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण ४ ग्रॅम, टाकली की सुमारे १०० पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भाग क्लोरिनचं, पाणी होतं. पावडर जुनी किंवा उघडी राहिलेली असेल तर तिचा जोर गेलेला असतो. डब्यातून नाकाला झोंबणारा वास येत नसेल तर नवी आणा. मुख्य म्हणजे आधी खवले आणि रक्त घासून धुवायचं, मग हे पाणी दहा मिनिटं ठेवायचं, मग साध्या पाण्याने खळबळायचं. घाणीवरच ब्लीचिंग ओतलं तर क्लोरिन घाणीतच खर्च होतं आणि जंतू तसेच राहतात. हे पाणी मासोळीवर मारायचं नाही.

लाकडी ओंडक्याला भेगा पडल्या की तो बदला. भेगेत चाकूचं टोक घालून ओढलं आणि काळा लगदा निघाला, तर तपासणीत तेवढं एकच लिहायला पुरतं. पावशीला गंज नको. पैसे घेणारा आणि कापणारा वेगळा असेल तर उत्तम, एकटेच असाल तर पैशाचा डबा डाव्या हाताला आणि हात धुवायची बादली मध्ये. बोटाला जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी आणि हातमोजा, नाहीतर त्या दिवशी कापायला दुसरा माणूस बसवा.

बांधून देताना काळी पन्नी आणि वर्तमानपत्र दोन्ही नको. अन्नासाठी वर्तमानपत्राला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत मनाई आहे, आणि पातळ पन्नीवर राज्याची बंदी २०१८ पासूनच. गिऱ्हाइकाला डबा आणायची सवय लावा. धुऊन पुसलेलं पळसाचं पान हे आपल्याकडचं सोपं उत्तर आहे, फक्त मांडणीखालच्या मातीत पडलेलं पान उचलून वापरू नका.

खवले-आतडी झाकणाच्या बादलीत. बाजार उठला की दोन फूट खड्ड्यात टाकून वर चुना आणि माती. हातपंप-विहिरीपासून लांब.

वजनकाट्याचं काम वैधमापन खात्याचं, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं नव्हे. तरी शिक्का चालू वर्षाचा ठेवा.

सुका माल

सुकट-बोंबील विकणाऱ्याकडे बर्फ नाही म्हणून तपासणी नाही, असं नाही. पोत्याच्या तळातून मूठभर काढून पांढऱ्या कागदावर झटकतात. रेती, काळे किडे, केसाळ अळ्या दिसतात का ते पाहतात. खारवलेल्या मासोळीवर गुलाबी चट्टे म्हणजे मिठात वाढणारे जिवाणू, तपकिरी ठिपके म्हणजे बुरशी. दोन्ही पावसाळ्यात वाढतात, कारण माल हवेतली ओल ओढतो. जून ते सप्टेंबर थोडाच माल भरा, पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. माशा-किडे बसू नयेत म्हणून घरगुती फवारा किंवा शेतीचं औषध मारणं हा थेट असुरक्षित अन्नाचा मामला आहे. त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

उरलेली ताजी मासोळी खारवायची असेल तर त्याच दिवशी, ती चांगली असतानाच. तीन-चार किलोला एक किलो मीठ. वास सुटल्यावर सुकवलेली मासोळी सुकी होते, सुरक्षित होत नाही.

अधिकारी आल्यावर

ओळखपत्र पाहायला मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि खरा अधिकारी रागावत नाही. गावागावांत ‘फूडवाले’ म्हणून पैसे गोळा करणारे तोतयेही फिरतात. अन्न सुरक्षा अधिकारी बाजारात उभ्या-उभ्या रोख दंड घेत नाही. दंडाचं प्रकरण वरिष्ठांपुढे जातं. कुणी पावतीशिवाय पैसे मागितले तर प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५ आहे.

मग नोंदणी, बिलं, दाखला पुढे ठेवा. पेटी उघडून दाखवा. मांडणी झाकून पळून जाणं सर्वांत वाईट. पळालेल्याचा माल बेवारस समजून जप्त होतो आणि संशय कायमचा राहतो.

फॉर्मालिनची जागेवरची तपासणी बहुधा कागदी पट्टीने होते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेला किट यासाठी आहे. पट्टी मासोळीवर घासतात, त्यावर द्रावणाचा थेंब टाकतात आणि रंग डब्यावरच्या रंगतक्त्याशी जुळवतात. कधीकधी बर्फाचं वितळलेलं पाणीही तपासतात, कारण औषध पाण्यातूनच दिलेलं असतं. पट्टीने फक्त संशय कळतो. निकाल प्रयोगशाळेचा. मासोळीत थोडं फॉर्मल्डिहाइड, म्हणजे फॉर्मालिनमधलं मूळ रसायन, निसर्गतःच असतं, म्हणून गोड्या पाण्याच्या मासोळीसाठी किलोला ४ मिलिग्रॅमची मर्यादा धरली जाते. बोंबलासारख्या काही समुद्री जातींत ते मुळातच जास्त तयार होतं. सुक्या बोंबलावर पट्टी रंगली तर घाबरून जबाब लिहून देऊ नका, नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा.

नमुना दोन प्रकारे घेतला जातो. सर्वेक्षणाचा नमुना फक्त परिस्थिती पाहायला असतो, त्यावरून खटला होत नाही. कायदेशीर नमुना वेगळा. कोणता घेताहेत ते तिथेच विचारा. कायदेशीर नमुन्यात हे घडलं पाहिजे:

तुम्हाला लेखी नोटीस मिळते. निदान एक साक्षीदार बोलावून त्याची सही घेतात. नमुन्याची बाजारभावाने किंमत देतात, ती घ्या आणि पावतीवर सही करा. ‘राहू द्या साहेब’ म्हणायची गरज नाही. नमुन्याचे चार भाग करून सील करतात. एक नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा अशी मागणी तुम्ही करू शकता. ही मागणी त्याच वेळी, लेखी करायची असते. मागाहून आठवून उपयोग नाही. सीलवर तुमची सही होते, तेव्हा आधी चारही पाकिटांवरचा क्रमांक, तारीख, मासोळीची जात वाचा. रोहूच्या पाकिटावर कतला लिहिलेलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. मासोळीचा नमुना बर्फातच गेला पाहिजे, एवढंही लक्षात ठेवा.

माल उघडच सडलेला असेल तर अधिकारी तो जप्त करून, तुम्हाला लेखी नोटीस देऊन, नष्ट करू शकतो. पंचनाम्यात वजन बरोबर लिहिलंय का ते पाहा. बारा किलोचे बावीस झाले तर पुढे भांडून काही मिळत नाही.

फक्त स्वच्छतेच्या त्रुटी असतील तर सहसा सुधारणा नोटीस येते. तिची मुदत १४ दिवसांपेक्षा कमी नसते. नोटीस खिशात ठेवून विसरू नका. प्रत्येक मुद्द्यापुढे काय केलं ते लिहा, ओट्याचा, झाकणाच्या बादलीचा, नव्या ओंडक्याचा फोटो काढा, आणि मुदतीच्या आत कार्यालयात देऊन पोच घ्या. न सुधारल्यास नोंदणी निलंबित होऊ शकते. अस्वच्छ जागेत अन्न हाताळल्याबद्दल कलम ५६ खाली एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे.

विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो विरोधात गेला तर पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करायला तुम्हाला ३० दिवस मिळतात. अपील मान्य झालं तर राखून ठेवलेला भाग वरच्या, म्हणजे रेफरल प्रयोगशाळेत जातो. हे तीस दिवस अहवाल तुमच्या हाती आल्यापासून मोजले जातात. पाकीट घरी म्हाताऱ्या आईने घेतलं आणि फडताळात ठेवलं तरी दिवस पुढे सरकतच राहतात. म्हणून पोस्टमनने दिलेल्या पाकिटावर मिळाल्याची तारीख लगेच लिहायला घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा, आणि ते खरेदीच्या बिलांच्याच पिशवीत ठेवा.